रान पाहावे ते वैशाखात

सह्याद्रीचे छायाचित्र म्हटले की डोळ्यांपुढे काय येते? हिरवेगार डोंगर, त्यांच्या खांद्यांवर रेललेले ढग, कड्यावरून झेपावणारा धबधबा आणि एका कोपऱ्यात सोनकीची पिवळी नक्षी. बँकांची कॅलेंडरे, दवाखान्यांच्या भिंती, पर्यटनाची माहितीपत्रके आणि आता घरोघरचे मोबाइल, सगळीकडे हाच सह्याद्री टांगलेला असतो. जून ते ऑक्टोबर असा हा पाच महिन्यांचा सह्याद्री. उरलेले सात महिने हे डोंगर कुठे जातात, असा प्रश्न एखाद्या परदेशी पाहुण्याला पडला, तर त्याला दोष देता येणार नाही. दिवाळीनंतर निसर्गदृश्ये टिपणारी मंडळी हळूहळू कॅमेरे कपाटात ठेवू लागतात. होळी झाली की उरलेसुरले हौशीही प्राणी-पक्ष्यांसाठी पाणवठ्यावर जाऊन बसतात. डोंगराकडे पाठ करून. "आता काय आहे तिकडे? सगळं उघडंबोडकं!" असे वर ऐकवतात.

हे उघडेबोडके डोंगर पाहायलाच मी गेली पंचवीस-सव्वीस वर्षे दर मे महिन्यात एकदा तरी जातो. घरच्यांनी त्यावर बोलणे सोडून दिले आहे. शेजारी अजून विचारतात. त्यांना काय सांगावे हे बराच काळ माझे मलाच कळत नव्हते. ते एका वाटाड्याने मला सांगितले, तेही अर्ध्या वाक्यात.

वाट होती खांडसहून भीमाशंकरला चढणारी. कर्जतहून किंवा नेरळहून कशेळेमार्गे खांडसला जायचे आणि तिथून कोकणाचा तळ सोडून थेट घाटमाथ्यावर. इथे दोन वाटा आहेत. एक शिडी घाट. ती कड्याला बिलगून, लोखंडी शिड्यांवरून जाते आणि जवळची आहे. दुसरी गणेश घाटाची, लांबची पण शहाण्यासुरत्या माणसांची. दोन्ही वाटा डोंगराच्या अर्ध्यावर पदरात येऊन मिळतात. सह्याद्रीच्या भिंतीला मध्येच जो सपाट टप्पा असतो त्याला आपले लोक पदर म्हणतात. इतका नेमका शब्द इंग्रजी भूगोलाच्या पुस्तकांत मला अजून सापडलेला नाही. पदराच्या काठावर पदरगडाचा सुळका उभा आहे आणि समोर भीमाशंकरची भिंत. पाठीवर कॅमेरा, दोन लेन्स, ट्रायपॉड आणि पाच लिटर पाणी घेऊन हे अंतर चढायला पाच-सहा तास लागतात.

आमचे मामा (सगळे त्यांना मामाच म्हणत) कमरेला कोयता आणि डोक्याला पंचा एवढ्या सामानावर पुढे चालत. पदरात पोहोचलो तेव्हा आठ वाजत आले होते. मी दम खात होतो आणि समोरच्या उतारांकडे बघून मनातल्या मनात खट्टू होत होतो. सगळीकडे मातकट, पिवळट, करडा रंग. मामांनी हात वर करून कड्याखालच्या घळी आणि माथा दाखवला आणि म्हणाले, "पावसात काय, भाऊ, दगडालापण हिरवं येतं. रान कुठं हाय, ते आत्ता बघा."

आणि खरोखरच ते दिसले. त्या मातकट उतारांवरून गडद हिरव्या रंगाच्या रेघा वर चढत गेल्या होत्या. जिथे घळ, जिथे ओढ्याचे पात्र, जिथे मातीचा थर जाड, तिथे तिथे ती रेघ. माथ्यावर पोहोचल्यावर त्या सगळ्या रेघा एकत्र होऊन एक जाड, जवळजवळ काळपट हिरवा पट्टा तयार झाला होता. पावसाळ्यात याच जागेवरून मी अनेकदा फोटो काढले होते. त्यांत गवत हिरवे, शेवाळ हिरवे, कारवी हिरवी, झाड हिरवे. कशात काही फरक नाही. हिरव्या शाईची बाटली सांडावी तसे. आता मात्र कुणीतरी नकाशा उलगडून समोर धरला होता.

यामागचे कारण शाळेतल्या भूगोलातच सापडते. भीमाशंकरच्या माथ्यावर वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. पुढचे आठ महिने झाडांना साठवणीवर काढायचे असतात. उतारावर माती पातळ, पाणी थांबत नाही. तिथली ऐन, सावर, पांगारा, कांडोळ ही झाडे पाने गाळून मोकळी होतात. पान नाही तर पाण्याचा खर्च नाही. माथ्यावर आणि घळींत ओल जास्त टिकते, म्हणून तिथे जांभूळ, अंजनी, आंबा यांसारखी पाने राखणारी झाडे दाटी करतात. याला सदाहरित किंवा निमसदाहरित जंगल म्हणायचे. राज्यप्राणी शेकरूचे घर ते हेच. शेकरू जमिनीवर क्वचितच उतरते, फांदीवरून फांदीवर जाते. त्यामुळे झाडांचे शेंडे एकमेकांना टेकलेले असणे हा तिच्या दृष्टीने रस्त्याचा प्रश्न असतो. १९८५ साली इथे सुमारे १३० चौरस किलोमीटरचे अभयारण्य घोषित झाले. ते पुणे, ठाणे आणि रायगड अशा तीन जिल्ह्यांच्या सीमांवर पसरलेले आहे. पण त्यातले शेकरूला चालण्याजोगे छप्पर नेमके कुठे आणि किती, हे पाहायचे असेल तर वैशाखच हवा.

आता हे टिपायचे कसे, हा छायाचित्रकाराच्या पोटापाण्याचा प्रश्न.

पहिली अडचण उजेडाची. उन्हाळ्यात उजेड भरपूर, मग अडचण कसली, असे वाटेल. पण छायाचित्राला उजेडापेक्षा सावली जास्त लागते. डोंगराची सोंड पुढे आली आहे, मागे दरी आहे, झाडाचे खोड गोल आहे, हे सगळे आपल्याला सावलीमुळे कळते. भीमाशंकर साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यावर इथे सूर्य दुपारी साडेबाराच्या सुमारास बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या काठीची सावली नाहीशी होते. शून्य सावलीचा हा दिवस शाळेतल्या मुलांना दाखवावा असा आहे. पण निसर्गदृश्ये टिपणाऱ्याला मात्र त्या दुपारी डोंगर इस्त्री केल्यासारखा सपाट दिसतो. सकाळी नऊ ते दुपारी साडेचार हा काळ मोकळ्या दृश्यासाठी जवळजवळ वायाच. त्यातून आपल्याकडे सूर्य क्षितिजाशी मोठा कोन करून वर चढतो, युरोपातल्यासारखा तिरका रेंगाळत नाही. त्यामुळे परदेशी पुस्तकांतून वाचलेला तो सोनेरी तास आपल्याकडे अर्ध्या तासात आटोपतो.

पुस्तकांत न लिहिलेली आणखी एक गोष्ट इथे आहे. कोकणातून चढताना सह्याद्रीची भिंत आपल्या पूर्वेला असते. सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, पण तो भिंतीमागे. पायथ्याचे आणि पदराचे उतार त्यानंतरही बराच वेळ सावलीत असतात. चढणाऱ्याला हे वरदान. पहिले दोन तास ऊन लागत नाही. छायाचित्रकाराला तो पेच. आकाश लख्ख, डोंगर अंधारात. फिल्मच्या जमान्यात या दोहोंचा मेळ बसत नसे, विशेषतः स्लाइड फिल्मवर. १९९० साली आलेल्या वेल्व्हिया नावाच्या स्लाइड फिल्मने आम्हा सगळ्यांना वेड लावले होते. तिच्यावर हिरवा रंग असा काही उतरायचा की प्रत्यक्षातला हिरवा फिका वाटे. पण सावली थोडी गडद झाली की ती थेट काळी करून टाकायची. (पावसाळी सह्याद्रीचे आपले सामुदायिक प्रेम कितपत डोंगरावरचे आणि कितपत त्या फिल्मवरचे, अशी शंका मला कधी कधी येते.) आजचे डिजिटल कॅमेरे सावलीतले पुष्कळ काही वाचवतात. तरी माझा नियम जुनाच आहे. ढगाचा किंवा आकाशाचा पांढरा भाग जळू द्यायचा नाही, बाकीचे नंतर पाहू. एकदा पांढरे झालेले परत मिळत नाही.

मामांनी दाखवलेला तो हिरव्या रेघांचा देखावा मात्र सावलीतच उत्तम येतो. थेट ऊन नसले की पानांवरची चमक जाते आणि रंगांतला फरक तेवढा उरतो. सूर्य भिंतीवर डोकावण्याआधीची पंधरा-वीस मिनिटे मी त्यासाठी राखून ठेवतो. संध्याकाळी उलट, पश्चिमेकडे तोंड करून उभ्या असलेल्या त्या काळ्या भिंतीवर ऊन समोरून पडते आणि कातळाचा एकेक थर मोजता येतो.

मग दुपारी काय करायचे? दुपारी रानात शिरायचे. माथ्यावरच्या दाट झाडीत भर बारा वाजता जो उजेड असतो तो मला अजून कोणत्याही स्टुडिओत दिसलेला नाही. वरच्या पानांतून गाळून आलेला, मऊ, किंचित हिरवट. खोडांवरची दगडफुले, वेलींचे पीळ, कुजत्या पानांच्या थरातून वर आलेली मुळे यांचे फोटो दुपारीच काढावेत. जमिनीवर उन्हाचे गोल गोल कवडसे पडलेले असतात. पानांमधल्या फटी वेड्यावाकड्या, मग कवडसे गोल का? कारण प्रत्येक फट म्हणजे सुईच्या छिद्राचा कॅमेरा असतो आणि प्रत्येक कवडसा म्हणजे सूर्याचे छायाचित्र. २४ ऑक्टोबर १९९५ च्या सूर्यग्रहणात आपल्याकडे ग्रहण खंडग्रास होते. तेव्हा झाडाखाली उभे राहून ज्यांनी खाली पाहिले असेल, त्यांना जमिनीवर शेकडो कोरी पसरलेल्या आठवत असतील. माणसाने कॅमेरा शोधण्याआधी कितीतरी युगे रान हे काम करत होते.

दुसरी अडचण धुरकटपणाची. मे महिन्यात हवेत धूळ असते, कुठे कुठे लागलेल्या वणव्यांचा धूर असतो आणि समुद्रावरून येणारे बाष्प असते. नागफणीच्या टोकावरून पावसाळ्यानंतर कोकण पायाशी पसरलेले दिसते. मेमध्ये तिथून तीन-चार डोंगररांगा दिसल्या तरी नशीब. सूर्यसुद्धा क्षितिजाला टेकण्याआधीच लाल गोळा होऊन धुळीत विरघळतो. नवशिके इथे फिल्टर चढवतात. ध्रुवण फिल्टर सूर्यापासून काटकोनात पाहिले तर आकाश गडद करतो, पानांवरची चकाकी काढतो. पण धूळ आणि धूर त्याला फारशी दाद देत नाहीत. त्यापेक्षा धुरकटपणाशी भांडू नये. लांबची रांग फिकी, तिच्या अलीकडची थोडी गडद, अगदी जवळची काळी. लांब पल्ल्याच्या लेन्समधून पाहिले की या रांगा एकीमागे एक कागद लावल्यासारख्या दिसतात. स्वच्छ हवेत सगळ्या रांगा सारख्याच ठसठशीत दिसतात आणि अंतर कळत नाही. धुरकट हवेत ते कळते. माझ्याकडची खोलीची जाण देणारी जी काही चार-दोन बरी छायाचित्रे आहेत, ती सगळी मे महिन्यातली आहेत.

आपण तक्रार करायला लागलो की मला सॅम्युअल बोर्न आठवतो. हा इंग्रज गृहस्थ १८६३ साली हिंदुस्थानात आला आणि १८७० पर्यंत इथे राहिला. त्याने हिमालयात तीन मोठ्या सफरी केल्या आणि १८६६ साली मणिरंग खिंडीत, साडेअठरा हजार फुटांच्या आसपास, छायाचित्रे घेतली. तेव्हा फिल्म नव्हती. काचेवर कोलोडियनचा लेप द्यायचा, तो ओला असतानाच छायाचित्र घ्यायचे आणि ओला असतानाच ते धुऊन पक्के करायचे. त्यासाठी अंधाऱ्या खोलीचा तंबू, काचा, रसायनांच्या बाटल्या असे सगळे हमालांच्या पाठीवर. लेप वाळला की काच वाया. थंड हवेत हा खटाटोप कसाबसा जमे. उन्हाळी मैदानात लेप किती भराभर वाळत असेल याची कल्पना करावी. त्या मानाने आम्ही फिल्मचे रोळ स्टीलच्या डब्यात घालून डबा ओल्या पंचात गुंडाळत असू, तेवढाच काय तो त्रास.

बोर्नच्या थोडे आधी, १८६१ साली, अमेरिकेत कार्लटन वॉटकिन्सने असाच प्रचंड कॅमेरा खेचरांवर लादून योसेमिटीच्या दरीत नेला होता. त्याची छायाचित्रे राजधानीपर्यंत पोहोचली. १८६४ साली अध्यक्ष लिंकन यांनी ती दरी राखून ठेवण्याच्या कायद्यावर सही केली, त्यामागे या चित्रांचाही हात होता असे मानतात. तिथे काय आहे, हे न गेलेल्या माणसाला दाखवणे, एवढेच काम त्या चित्रांनी केले होते.

आपल्याकडे हे काम पावसाळी छायाचित्रे करू शकत नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे. ती पाहून कोणालाही वाटावे की सगळे ठीक चालले आहे. डोंगर हिरवा आहे ना, मग झाले. सरकारी मोजणीतसुद्धा असाच एक मजेशीर घोळ आहे. देशाच्या वन सर्वेक्षणात १ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीवर १० टक्क्यांहून अधिक झाडांचे छत्र दिसले की ते वनाच्छादन धरतात. ते छत्र देवराईचे आहे, आंब्याच्या बागेचे आहे की निलगिरीच्या लागवडीचे, हा वेगळा प्रश्न. उपग्रहाला दोष देण्यात अर्थ नाही, त्याला सांगितले तेवढे तो करतो. पण पदरातून वर पाहणाऱ्या माणसाला वैशाखात हा फरक नुसत्या डोळ्यांनी कळतो. बाग असेल तर झाडे रांगेत असतात. रानाला रांग माहीत नसते.

देवरायांच्या बाबतीत तर हे फारच उठून दिसते. १९७० च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला आणि देवाच्या धाकाने राखलेले हे तुकडे किती मोलाचे आहेत हे जगापुढे मांडले. आंबेगाव तालुक्यातल्या आहुप्याची देवराई पुष्कळांनी पाहिली असेल. पावसाळ्यात गावोगावच्या देवराया शोधाव्या लागतात. मेमध्ये डोंगराच्या सोंडेवर उभे राहिले की भाजून निघालेल्या मुलखात त्या हिरव्या ठिपक्यांसारख्या दिसतात, कुंकवाच्या करंड्याएवढ्या. कुठे राई आहे, कुठे होती, कुठे नुसता शेंदूर फासलेला दगड उरला आहे, हे एका नजरेत कळते. असे छायाचित्र भिंतीवर लावायला कोणी मागत नाही, हे मला मान्य आहे. पण ते वीस वर्षांनी लागते.

म्हणून मी एक साधा उद्योग ठेवला आहे. पदरातल्या एका सपाट कातळावरून, १९९८ सालापासून, मेच्या दुसऱ्या आठवड्यात, त्याच लेन्सच्या अंतराने एकच दृश्य टिपतो. कातळावर ट्रायपॉडचे पाय कुठे येतात ते ठरलेले आहे. चार वेळा खंड पडला, त्यातली दोन वर्षे साथीची. या ओळीने लावलेल्या चित्रांत कलाकुसर काही नाही. एखाद्या घरात दारामागे भिंतीवर मुलांच्या उंचीच्या रेघा ओढतात, तशी ही चित्रे आहेत. त्यांत दिसते की मधल्या घळीतली हिरवी रेघ खालून आखडत गेली आहे आणि डावीकडे एके ठिकाणी मात्र, जिथे वणवा बरीच वर्षे पोहोचला नाही, तिथे ती दोन बोटे खाली उतरली आहे. यावरून सिद्धान्त मांडावा एवढा मी मोठा नाही. पण पावसाळ्यातल्या चित्रांवरून मला हे एवढेही कळले नसते.

वणव्याचा उल्लेख आला आहे तर थोडे त्याविषयी. आपल्या रानातले वणवे बहुतेक माणसाच्या हातून लागतात. कोणी नवे गवत चांगले फुटावे म्हणून पेटवतो, कोणी विडीचे थोटूक टाकतो, कुठे राब भाजताना आग हातची जाते. जळून गेलेला उतार दिसायला भेसूर असतो आणि हौशी मंडळी तिथे कॅमेरा उचलत नाहीत. मी उचलतो. काळ्या राखेतून पांढऱ्याफटक खोडाचा एखादा कांडोळ उभा असतो. त्याला भुताचे झाड का म्हणतात ते तिथे पटते. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली असते आणि तिच्या जाडीमुळे तो झळ सोसून टिकतो. त्या भेगांत अडकलेली राख आणि वरच्या टोकाला फुटलेली पालवी एका चौकटीत बसवायला मला तीन उन्हाळे लागले.

उन्हाळ्यात रान रिकामे नसते, हेही शहरात बसून कळत नाही. घाटमाथ्यावरच्या महादेव कोळी घरांसाठी हे हिरड्याचे दिवस. कोवळी फळे गोळा करून वाळवायची, तोच बाळहिरडा. औषधी कारखान्यांकडे जाणाऱ्या या मालावर कित्येक घरांचा पावसाळ्याआधीचा खर्च निघतो. घरासमोर पसरलेल्या काळपट हिरड्यांचे वाळवण, करवंदांनी भरलेल्या पाट्या, हंडे घेऊन उतरणाऱ्या बायका या सगळ्याला उन्हाळी निसर्गदृश्यातून वगळणे म्हणजे अर्धे रान कापून टाकणे. मात्र विचारल्याशिवाय कोणाचा फोटो काढू नये. एका आजींनी मला सुनावले होते, "आमी पानी वाहातो त्याचं तुमाला चित्र कशाला? हंडा घ्या की एक." मी हंडा घेतला. दोनशे पावले चाललो. फोटो काढण्याएवढे त्राण उरले नाही.

आणि पाण्याचा विषय निघालाच आहे तर घरच्या मंडळींसाठी दोन शब्द, कारण हा लेख वाचून कोणी मुलाबाळांना घेऊन निघाले तर ती जबाबदारी माझ्यावरही येते. कोकणच्या बाजूने चढताना पारा चाळिशीला पोहोचलेला नसला तरी हवा दमट असते. घाम येतो, पण वाळत नाही. आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. चढावर तासाला लिटरभर पाणी सहज घामावाटे जाते. नकाशावर दाखवलेले ओढे मेमध्ये कोरडे असतात, त्यांच्या भरवशावर राहू नये. नुसते पाणी पीत राहणेही पुरेसे नाही. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा, एवढे मिसळून जवळ ठेवावे. पहाटे साडेचारला निघावे आणि दहाच्या आत सावली गाठावी. सोबत्याचे बोलणे असंबद्ध होऊ लागले, पाय अडखळू लागले, अंग तापले, तर फोटो, माथा, देवदर्शन सगळे विसरावे. त्याला सावलीत निजवून अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि तातडीने खाली नेण्याची सोय करावी. शुद्ध हरपलेली असेल तर तोंडात पाणी घालू नये. शिडी घाट उन्हाळ्यात लहान मुलांना घेऊन मुळीच चढू नये; लोखंड तापते आणि घामेजलेला हात निसटतो.

मामा आता चढत नाहीत. गुडघे गेले. गेल्या मे महिन्यात मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा १९९८ ची आणि अलीकडची अशी दोन मोठी छायाचित्रे सोबत नेली होती. त्यांनी चष्मा पुसला, दोन्ही कागद दाराशी उजेडात धरले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटले डोळ्यांना नीट दिसत नसावे. मग त्यांनी जुन्या चित्रावर बोट ठेवले आणि खालून वर जात एकेक झाड सांगू लागले. हा जांभूळ, वाऱ्यानं पडला. हा उंबर, खाली झरा व्हता, मार्चातच आटायला लागला, मग हा बी गेला. हे दोन आंबे आमच्या चुलत्यानं राखलेले. हा हिरडा अजून हाय, बघा नव्यातबी हाय. माझ्या लेखी ती एक हिरवी रेघ होती. त्यांच्या लेखी ती गावातल्या घरांची ओळ होती.

दोन्ही कागद त्यांनी माझ्याकडे परत दिले. मी म्हटले, मामा, तुमच्यासाठीच आणलेत, ठेवून घ्या. त्यांनी मान हलवली आणि जुन्या चित्रातल्या, नखाएवढ्या दिसणाऱ्या त्या दोन आंब्यांवर पुन्हा बोट टेकवले.

"हे एवढंच मोठं करून द्या," ते म्हणाले. "नातवाला दाखवायचंय, कोणच्या झाडाचे आंबे खाल्ले आम्ही ते."